गंज

बावीस वर्षं मी माटुंग्याच्या प्रयोगशाळेत काचा धुते.
आधी ॲसिड, मग साबण, मग नळाखाली,
शेवटी तीनदा शुद्ध पाणी.
बेसिनची जाळी सगळं गिळते
आणि पुढचं तिला कुणी विचारत नाही.

परवा वाघुळदे मॅडमनी हाक मारली,
"प्रमिलाताई, या, बघा तरी."
चंबूत फिकट पिवळं पाणी,
त्यात वरून थेंब थेंब काही पडत होतं,
आणि एकाएकी अंधार.
कुणी काजळी कालवावी तसा.
"हे लोखंड," त्या म्हणाल्या,
"इतकं बारीक की एका केसाच्या रुंदीत
हजार कण शेजारी शेजारी झोपतील."

आमच्याकडची मापं वेगळी.
वाटा, पाटी, कोळंबीचा शेकडा,
वीतभर पापलेट,
भरतीचं पाणी पायरीच्या कितव्या दगडाला.
केसाला हजारदा चिरणारं माप
माहीमच्या बाजारात अजून कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या बरणीत कुर्ल्याचं पाणी होतं.
मुलामा चढवणाऱ्या गाळ्यांमागच्या नाल्यातलं,
कावीळ झालेल्या डोळ्यासारखं.
हाच नाला मिठीला मिळतो,
आणि मिठी आमच्या दाराला.
नळाच्या तोट्या, स्कूटरचे आरसे
लखलखीत लागतात ना सगळ्यांना,
त्याचं हे खरकटं.

मॅडमनी काळं पाणी त्यात ओतलं.
मी उभीच. चहा गार.
ढवळणी फिरत राहिली, आणि पिवळं
ओशाळल्यासारखं उतरत गेलं,
अर्ध्या तासात नावापुरतं.
तळाशी तांबूस गाळ.
"हा काय?"
"गंज. लोखंड स्वतःजवळचं देऊन टाकतं,
तेव्हा विष निवतं.
गंजणं हेच त्याचं काम."

गंज!
ज्याच्याशी माझं अख्खं घर भांडत आलं.
दादाच्या होडीचे खिळे,
नांगराची साखळी, खिडकीचे गज,
आयेच्या कोयत्याचं पातं.
खाऱ्या वाऱ्यानं एक लोखंड धड ठेवलं नाही.
दर दिवाळीला रेड ऑक्साइडचा डबा,
दर शिमग्याला पुन्हा पोपडे.
आणि इथे ही बाई
मुद्दाम गंजण्यासाठी
लोखंड जन्माला घालते.

रात्री आयेला सांगितलं.
ती जवळा निवडत होती. ऐकता ऐकता
बोटाला खडा लागावा तशी थांबली.
"गुनाचे हायेत गो ते.
पन काम सरल्यावर
त्यांना परत कोन कारील?"

कोणत्या जाळ्याला एवढी बारीक आस असते?
त्यांची ओहोटी कुणी पाहिलीय?
खाडीच्या चिखलात निवट्या तोंड उघडून बसतात,
त्यांना काय कळणार,
काय औषध आणि काय चारा.

सोमवारी मॅडमना विचारलं.
त्या हसल्या नाहीत.
वहीत उतरवून घेतलं, आयेच्याच शब्दांत,
"परत कोन कारील", खाली दोन रेघा.
मग पेन टेकवून म्हणाल्या,
चुंबकाला काही येतात. सगळे नाही.
बाकीच्यांचं, खरं सांगू, माहीत नाही.

माहीत नाही.
बावीस वर्षांत त्या इमारतीत
हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले
आणि मला त्या बाईचा भरवसा वाटला.

त्या दिवसापासून तो चंबू धुतलेलं पाणी
मी बेसिनमध्ये सोडत नाही.
वेगळ्या बरणीत साठवते.
वर चिकटपट्टी, माझ्या अक्षरात तारीख, कुर्ला.
खाली फुटक्या स्पीकरचा चुंबक ठेवलाय,
सकाळी पाहावं तर तळाशी
मिशीएवढी काळी रेघ जमलेली असते.

बरणी गळ्यापर्यंत आलीय.
ती कुठे रिकामी करायची
ते अजून ठरलेलं नाही.